नऊ प्रश्नांचा कागद: गंगापूर रोडवरील एका मधुमेह केंद्राचा अनुभव

माझे यजमान गेल्या अकरा महिन्यांपासून नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका मधुमेह केंद्रात जातात, आणि त्याच केंद्राविषयी मी लिहीत आहे. पुढे एक तक्रारही असल्यामुळे केंद्राचे नाव देण्याचे टाळले आहे.

यजमानांना मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली. अंबडच्या कारखान्यातील त्यांचे खाते बंद झाले आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते घरी बसले. तोवर सातच्या आसपास असणारी त्यांची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, दीड वर्षात ९.० वर गेली. रोजच्या मोजमापाच्या भाषेत सांगायचे तर सरासरी साखर सुमारे २१२ झाली. आधीच्या डॉक्टरांनी दर वेळी गोळी वाढवली आणि ‘पथ्य पाळत नाहीत’ असा शेरा मारला. घरात मीही तेच बोलत होते. दिवाळीच्या साफसफाईत बिस्किटांच्या जुन्या डब्यात रात्रीच्या गोळ्यांच्या सात पट्ट्या सापडल्या, एकही गोळी न काढलेल्या. विचारल्यावर ते चिडले नाहीत, सबबही सांगितली नाही. “घेऊन काय करायचंय?” एवढेच म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे पाहू लागले. त्या आठवड्यात आम्ही केंद्र बदलले.

नव्या ठिकाणी पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब आणि नायलॉनच्या धाग्याने तळपायाच्या संवेदनेची तपासणी झाली. नाशिकमध्ये हे सारे इतरत्रही होते. वेगळा होता तो रक्त घेण्याआधी हातात दिलेला मराठीतील एक कागद. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, कशात रस वाटत नव्हता का, झोप, भूक, थकवा, एकाग्रता अशा नऊ प्रश्नांना शून्य ते तीन गुण द्यायचे होते. एकूण गुण २७. दहा किंवा त्याहून अधिक आले, तर नैराश्यासाठी नीट तपासणी करावी असा प्रघात आहे. यजमानांचे १४ आले. डॉक्टरांनी तेवढ्यावरून निदान केले नाही, हे मला आवडले. साखर वाढलेली असली की थकवा येतो आणि रात्री लघवीसाठी उठावे लागल्याने झोपही मोडते, त्यामुळे काही गुण साखरेचे असू शकतात, असे सांगून त्यांनी समुपदेशक बाईंकडे पाठवले.

तक्रार आहे ती याच कागदाच्या बाबतीत. यजमान वाचायचा चष्मा घरी विसरले होते, म्हणून स्वागतकक्षातील मुलीने सगळे प्रश्न बाहेर, दहाबारा माणसांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. नववा प्रश्न ‘आपण मेलो तर बरे’ असा विचार मनात येतो का, हा असतो. त्यावर ते लगेच ‘नाही’ म्हणाले. खरे उत्तर आठ दिवसांनी समुपदेशक बाईंच्या बंद खोलीत निघाले. त्या दिवशी बाईंनी मला आत बोलावून घरातील जादा गोळ्या माझ्या ताब्यात ठेवायला सांगितल्या आणि शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा चोवीस तासांचा विनामूल्य क्रमांक फाईलवर लिहून दिला. मी लेखी तक्रार केली. आता तो कागद आतल्या खोलीत भरून घेतात, परंतु इतक्या नाजूक गोष्टीसाठी तक्रारीची वाट पाहावी लागली, हे काही भूषणावह नाही.

समुपदेशनावर मात्र मी मनापासून समाधानी आहे. पहिल्या बैठकीत अर्धा तास साखरेचा विषयच निघाला नाही. सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो, एवढेच बाई विचारत राहिल्या. रोज बोटे टोचून, पथ्ये सांभाळून आलेला आजाराचा वैताग आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही एकाच माणसात असू शकतात आणि उपाय मात्र निराळे लागतात, हे आम्हाला त्यांच्याकडून कळले. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, आणि हा संबंध दुहेरी असतो: मन खचले की गोळ्या आणि चालणे सुटते, ताणामुळे स्रवणारे कॉर्टिसॉल यकृताकडून साखर सोडवते, आणि चढलेला आकडा पाहून माणूस आणखी खचतो.

याचे एक उदाहरण द्यायलाच हवे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रविवारी फिरून जुन्या सहकाऱ्यांबरोबर मिसळ खायची, हा यजमानांचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. केंद्रातील आहारतज्ज्ञांनी मिसळीवर काट मारली. मिसळ गेली तसे रविवारचे फिरणेही गेले आणि माणसेही गेली. समुपदेशक बाईंनी मिसळ परत आणली: एक पाव, तर्री कमी, आणि ट्रॅकच्या तीन फेऱ्या आधी. पहिल्या रविवारी ते गेले ते केवळ बाईंना सांगितले आहे म्हणून. चौथ्या रविवारी मला न उठवता गेले. (आहारतज्ज्ञांच्या छापील कागदावर अजून ओट्स आणि ऑलिव्ह तेल आहे. नागलीची भाकरी ज्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, तिथे तिचे नाव त्या यादीत असू नये, याचे मला नवल वाटते.)

केंद्राची खरी त्रुटी व्यवस्थेत आहे. समुपदेशक बाई मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात. त्यांची टिपणे वेगळ्या फाईलमध्ये राहतात आणि डॉक्टर ती पाहत नाहीत. मनोविकारतज्ज्ञ केंद्रात नाहीत, ते शरणपूर रोडला. त्यांनी नैराश्यावर औषध सुरू केल्याचे मधुमेहाच्या डॉक्टरांना कळले ते माझ्या तोंडून. या औषधांपैकी काहींनी वजन आणि साखर वाढू शकते, तेव्हा हा निरोप पेशंटच्या बायकोवर सोडून चालणार नाही. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील मधुमेह केंद्रांत ४०४ रुग्णांवर २४ महिने झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच जोडून दिले होते: रुग्णाचा पाठपुरावा करणारा समन्वयक, आणि मधुमेह व मन या दोन्हींच्या तज्ज्ञांनी मिळून घेतलेला आढावा. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या गटात अधिक रुग्णांचे नैराश्य आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काही एकत्र सुधारले. नुसते नैराश्य हलके झाल्याने साखर आपोआप उतरतेच असे नाही. म्हणून तर दोन फाईली एका टेबलावर यायला हव्यात. आमच्या केंद्रात माणसे चांगली आहेत, टेबल दोन आहेत.

एचबीएवनसी ९.० वरून आधी ८.२ आणि मग ७.६ झाली, मधल्या काळात साखरेची एकही नवी गोळी वाढवली नाही, जुन्याच पोटात जाऊ लागल्या. नऊ प्रश्नांचे गुण १४ वरून ६ वर आले. एचबीएवनसी रक्तातील तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवस असल्याने तिचा आकडा सावकाश बदलतो, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा तपासणी करून निराश होऊ नये, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते.

डॉक्टरांची फी ८०० रुपये आणि समुपदेशनाची ६०० रुपये आहे. आमच्या विम्यातून यातले काहीही परत मिळाले नाही. शनिवारी गर्दी असते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मंगळवारी सकाळी साडेसातला उपाशीपोटी रक्त देऊन, नाश्ता करून, दहाला समुपदेशनाला बसावे. वाचायचा चष्मा सोबत न्यावा.