ओटीपीपुरता फोन: सात महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, मी स्मार्टफोन सोडलेला नाही. तो घरात आहे, त्यात व्हॉट्सअ‍ॅप आहे, रील्सही आहेत. मी केलं ते एवढंच की साधा ४जी कीपॅड फोन घेतला आणि ज्या नंबरवर बँकेचे आणि जीएसटीचे ओटीपी येतात ते सिम त्यात घातलं. मॉडेल सांगत नाही. दीड-दोन हजारांतले हे सगळे फोन एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात, आणि माझ्या तक्रारी त्या साच्याबद्दलच्या आहेत.

मी सांगली जिल्ह्यातल्या विट्यात टॅक्सची कामं करते. यंत्रमागवाले, दोन पोल्ट्रीवाले, एक हार्डवेअर, बाकी किराणा. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरण, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं विवरण, त्यामुळे महिन्यातले दहा दिवस टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसमोर मान मोडून बसायचं असतं. बहुतेकांच्या नोंदणीत मोबाइल नंबर माझाच दिलेला आहे. तसं करू नये हे मलाही माहीत आहे, पण "ताई, तुमचाच टाका की, आम्हाला कुठलं कळतंय" म्हटलं की वाद कोण घालणार!

तर माझं खरं दुखणं ओटीपी हे होतं. चलन भरायला बँकेचं पान उघडायचं, ओटीपीसाठी फोन उचलायचा. सहा आकडे टाकून होईपर्यंत वरून दोन मेसेज घसरत खाली यायचे, एक क्लायंटचा, एक भावजयीचा. क्लायंटचा बघावाच लागतो. त्याच्या शेजारीच भावजयीचा, म्हणून तोही. तिने पाठवलेलं असायचं भरल्या वांग्याचं रील. ते संपायच्या आत खालून दुसरं वर आलेलं. मान वर केली की वीस-पंचवीस मिनिटं गेलेली आणि बँकेचं सेशन संपलेलं. परत लॉगिन, परत ओटीपी, परत फोन हातात. दर वेळी कारण कामाचंच असायचं, म्हणून स्वतःला रागावताही येत नव्हतं.

डोळे उघडले ते एका सुताच्या बिलामुळे. १,२६,००० च्या जागी मी १,६२,००० घातले होते. १४ तारखेला २बी आलं, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आणि खरेदीचा मेळ बसेना. अख्खा दिवस शोधाशोध. सापडल्यावर आठवलं की ती एंट्री करताना मी एका हाताने ग्रुपवर "अभिनंदन" टाइप करत होते. कुणाचं अभिनंदन ते आता आठवत नाही.

त्याआधी फुकटचे उपाय करून बघितले होते. फोनचा वापर मोजणाऱ्या डिजिटल वेलबीइंगमध्ये त्या आठवड्यात दिवसाला सरासरी ११८ वेळा फोन उघडलेला दिसत होता. अ‍ॅपला वेळेची मर्यादा घातली. वेळ संपली की अ‍ॅपचं चित्र करडं पडतं, मग आपण सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा काढतो. कुलूप आपलं आणि किल्लीही आपल्याच कनवटीला. स्क्रीन काळीपांढरी करून ठेवली, ती नऊ दिवस टिकली. क्लायंट बिलांचे फोटो पाठवतात, त्यात गुलाबी प्रत कुठली आणि पांढरी कुठली तेच कळेना.

आता कीपॅड फोन. पहिला आठवडा वाईट गेला. काम अडलं की उजवा हात आपोआप टेबलाच्या कोपऱ्याकडे जायचा. तिथे हा ठोकळा. उचलायचा, एक बटण दाबायचं, पडद्यावर उजेड पडायचा, वेळ दिसायची आणि पुढे काही नाही. अंगठा मात्र काचेवर वर सरकवायच्या तयारीत. एकदा मी खरंच त्या दोन इंची पडद्यावर अंगठा घासला आणि माझी मलाच लाज वाटली. मुलगा समोर होता. तो म्हणाला, "आई, तो टच नाहीये."

महिनाभराने हात जायचा थांबला. ओटीपी येतो, आकडे बघते, टाकते, फोन खाली ठेवते. कामात फोन हातात येतो तेवढाच येतो, पण आता त्या दाराच्या पलीकडे खोलीच नाही. माझ्या मते या फोनचा सगळा गुण एवढाच आहे. बॅटरी तीन-चार दिवस जाते, टॉर्च स्मार्टफोनपेक्षा चांगला आहे, आवाज खणखणीत आहे, पण त्यासाठी कुणी तो घेऊ नये.

स्मार्टफोन दुसऱ्या सिमवर स्वयंपाकघरातल्या फडताळात असतो. व्हॉट्सअ‍ॅप मी सकाळी ११ ला आणि संध्याकाळी ५ ला बघते, आणि तसं सगळ्या क्लायंटना सांगून टाकलं: घाई असेल तर फोन करा. पहिल्या पंधरवड्यात फोनचा पाऊस पडला. "ताई, मेसेज टाकलाय, बघा" हे सांगायलाही फोन! हळूहळू तो ओसरला. आता आठवड्यात घाईचे म्हणून दोन-तीन फोन येतात आणि त्यातला एखादाच खरा घाईचा असतो.

इथून जवळच, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. पूर्वी मला ती पेपरात छापून येण्यापुरती गंमत वाटायची. आता वाटतं, त्यांनी नेमकं ओळखलं होतं. सगळ्यांचाच बंद असला की "उत्तर का दिलं नाही" असं विचारणारा कुणी उरत नाही. मी एकटीने बंद केला तर मी शिष्ट ठरते. माझ्या नणंदेने दोन महिने अबोला धरला होता, ते वेगळंच प्रकरण आहे.

आता त्रासाचं सांगते.

पैसे देणं हा सगळ्यात मोठा त्रास. यूपीआयच्या अ‍ॅपला बँकेशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं. सिम हलवलं आणि अ‍ॅप रुसलं. कीपॅड फोनसाठी *९९# आहे, तो डायल करून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यात नुसता कॉल करूनही पैसे पाठवता येतात आणि आता एका वेळी १०,००० पर्यंत जातात. घरी बसून मी ते केलंय, चालतं. पण भाजीवालीसमोर, मागे चार माणसं उभी असताना, कानाला फोन लावून आकडे दाबत बसणं माझ्याच्याने होत नाही. मग रोख. आणि रोख म्हटलं की सुट्ट्यांची बोंब. कोथिंबिरीच्या जुडीला १०० ची नोट दिली की समोरची माझ्याकडे असं बघते की मी गुन्हाच केलाय. शेवटी घरखर्चापुरतं दुसरं खातं दुसऱ्या नंबरला जोडलं. त्याचं यूपीआय फडताळातल्या फोनवर चालतं, बाजाराच्या दिवशी तो पिशवीत घेते.

दुसरं म्हणजे शाळा. अर्ध्या दिवसाने शाळा सुटणार हा निरोप फक्त ग्रुपवर आला, पावणेबाराला. माझी ११ ची फेरी होऊन गेलेली. धाकटी चाळीस मिनिटं गेटजवळ बसून होती. त्यानंतर शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलंय, शाळेचं काही आलं की मला कॉल करा. म्हणजे माझ्या शांततेसाठी त्यांना ग्रुपवर डोळा ठेवावा लागतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरा त्रास पाचव्या महिन्यातला. २० तारीख, रात्रीचे साडेदहा, शेवटची ३बी. ओटीपी मागितला, येईना. परत मागितला, येईना. ३बी ला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, पण पैशापेक्षा नाव जातं. रेंज बघितली, फोन बंद करून चालू केला. तेव्हा वर कोपऱ्यात एक बारीकसं पाकीट लुकलुकताना दिसलं. इनबॉक्स भरलेला! या फोनमध्ये मेसेजला जागा मोजकीच असते आणि ती लोनच्या, लॉटरीच्या जाहिरातींनी गच्च झाली होती. एकेक पुसत बसले. घाम फुटलेला. बाजूला मुलगा शांतपणे म्हणाला, "मेलवरही येतो ना ओटीपी?" येतो. मेल समोरच्या कॉम्प्युटरवर उघडा होता.

दुसऱ्या दिवशी १९०९ वर 'स्टार्ट ०' असा मेसेज पाठवून जाहिराती बंद करून घेतल्या. इंग्रजीत पाठवायचा असतो. बँकांचे आणि कंपन्यांचे सेवेचे निरोप तरीही येतात, पण गर्दी निम्म्याने कमी झाली.

एक कबुलीही देते. चौथ्या महिन्यात कॉम्प्युटरवर शॉर्ट्स बघताना मी स्वतःला पकडलं. रात्री जेवणानंतर फडताळातला फोनही बाहेर येतो आणि तास-सव्वा तास जातो. तो मी जाऊ देते. दुपारी अकरा-बाराला बिलांच्या गठ्ठ्यासमोर जाणारा वेळ आता जात नाही, आणि मला हवं होतं ते तेवढंच. पूर्वी एका यंत्रमागवाल्याची महिन्याची बिलं दीड दिवस पुरायची. आता सकाळी बसले की जेवणाआधी होतात.

ज्यांचं पोटच व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, म्हणजे ऑर्डर घेणारे, डिलिव्हरीवाले, त्यांनी याच्या नादी लागू नये. ज्यांना ओटीपीपायी फोन उचलावा लागतो आणि मग तो खाली ठेवता येत नाही, त्यांनी घ्यावा. घेतल्यावर पहिल्याच दिवशी १९०९ चं काम करून टाकावं. मी शिवाय दर महिन्याच्या १८ तारखेचं स्मरण लावून ठेवलंय. या फोनवर मराठी लिहिता येत नाही, म्हणून नाव नुसतं आकड्यांत आहे: ३बी पुरतं '३'. ते वाजलं की मी जेवता जेवता इनबॉक्स रिकामा करते.