अवतार खरा की भासला? शंकराचार्य आणि रामानुज

गीतेच्या चौथ्या अध्यायाशी भाची अडली. 'मावशी, श्रीकृष्णाचा देह खरा होता का?' सहाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, मी 'आत्ममायया', म्हणजे स्वतःच्या मायेने, जन्म घेतो. या एकाच शब्दावर दोन आचार्यांची वाट फुटते, म्हणून दोन्ही भाष्यं शेजारी ठेवली.

देहाचं काय? शंकराचार्य म्हणतात, भगवंत 'देहवान् इव', म्हणजे देह असल्यासारखा दिसतो. जन्म मायेने, परमार्थाने नाही. सगळं वजन त्या 'इव'वर. रामानुज मायेचा अर्थच 'ज्ञान' असा घेतात: स्वतःच्या संकल्पाने घेतलेला खरा देह, फक्त आपल्यासारखा त्रिगुणांचा नाही, शुद्धसत्त्वाचा, म्हणजे रज-तमाचा लेशही नसलेल्या सत्त्वाचा. शब्दाची ही ओढाताण मला आधी खटकली होती. पण निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, माया हा ज्ञानवाचक शब्द आहेच.

भगवंताच्या जन्माला कर्माचं बंधन असतं हे दोघांनाही अमान्य, तिथे वादच नाही.

मूर्तीपाशी मात्र फरक जाणवतो. रामानुजांच्या परंपरेत देवाची पाच रूपं: पर (वैकुंठातलं), व्यूह (सृष्टीचा कारभार चालवणारं), विभव (राम-कृष्णासारखे अवतार), अंतर्यामी (हृदयातलं) आणि अर्चा (मूर्ती). देवळातली मूर्ती हाही अवतारच. शंकराचार्यांच्या अद्वैतात मूर्ती उपासनेचा आधार, पुढे सगुण ओलांडायचं. आपले ज्ञानदेव याच श्लोकावर आरशाचा दाखला देतात: एकच दोन दिसतं ते दर्पणामुळे. इथे कौल अद्वैताकडे, तरी भक्ती तसूभर कमी नाही.

'मी कोण' हा प्रश्न छळत असेल त्याने शंकराचार्यांकडे जावं. देवाला रोज न्हाऊ-जेवू घालायचं असेल तर रामानुज जवळचे. भाचीच्या हातात सध्या रामानुजांचं भाष्य आहे.