बर्फातली सायकल: मऊ रबर, दोन ओळी खिळे की चार?

हिवाळ्यातही सायकल बंद ठेवायची नाही असं एकदा ठरलं, की प्रश्न टायरपाशी येऊन थांबतो. पर्याय साधारण तीन आहेत: खिळे नसलेला पण थंडीसाठी बनवलेला मऊ रबराचा टायर, दोन ओळी खिळ्यांचा आणि चार ओळी खिळ्यांचा. तिन्ही मी निदान एकेक अख्खा हिवाळा वापरले, रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर. मापं, वजनं, रुंदी हे सगळं टायरच्या वेष्टनावर असतं, त्यात शिरत नाही.

आधी बर्फाबद्दल, कारण निवड तिथेच निम्मी होते. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण टायरला तीन वेगळे बर्फ भेटतात. एक ताजा, भुसभुशीत. दुसरा रहदारीने दबून घट्ट झालेला, चाकाखाली करकरणारा. तिसरा दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, काचेसारखा. पहिल्या दोघांत रबराला रुतायला जागा मिळते. तिसऱ्यात ती नसते. आणि हा तिसरा सर्वांत निसरडा होतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, शून्य अंशाच्या आसपास. तेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. उणे १५ अंशांत त्याच बर्फावर बूट बऱ्यापैकी टिकतो.

म्हणून तुमच्याकडे थंडी किती पडते यापेक्षा पारा शून्याच्या वर-खाली किती वेळा होतो, हे बघा. फिनलंडमधल्या औलू शहरात सायकलवाटांवरचा बर्फ दाबून घट्ट ठेवतात आणि थंडीही सलग टिकते. अशा वाटेवर खिळ्यांची गरज बरीच कमी होते. दुपारी चिखल आणि संध्याकाळी काच अशा रस्त्यांचं गणित वेगळं आहे.

बिनखिळ्यांच्या हिवाळी टायरबद्दल माझं मत चांगलं आहे, हे आधीच सांगतो. नेहमीचं रबर थंडीत कडक होतं. या टायरचं मिश्रण मऊ राहील असं केलेलं असतं आणि वर बारीक चिरा दिलेल्या असतात. त्यांच्या कडा दाबलेल्या बर्फाला धरून राहतात. ओल्या, गार डांबरावर तर हा टायर खिळ्यांच्या टायरपेक्षा जास्त विश्वासू वाटला. आवाज नाही आणि वेगही फारसा जात नाही. माझी ९ किलोमीटरची एक फेरी उन्हाळ्यात २६ मिनिटांची होती, ती याच्यावर २७ झाली.

पण त्या हिवाळ्यात मी रस्ता सोडून दुसरं काही पाहिलं नाही. डांबरावर बसलेला बर्फाचा पातळ थर पारदर्शक असतो, नुसता ओलावा वाटतो. पुलाखालची सावली, झाडांखालचा पट्टा, पाइप गळतो ती जागा, अशी प्रत्येक चकाकी दिसली की खांदे आवळले जायचे. दहांतल्या नऊ वेळा ते पाणीच असायचं. पोचल्यावर पाय ताजे आणि मान दुखतेय, असं रोज. तुमच्याकडे रस्ते पहाटेच साफ होत असतील आणि बर्फाच्या दिवशी सायकल घरी ठेवण्याची मोकळीक असेल, तर हाच टायर घ्या. मला ती मोकळीक नव्हती.

पुढच्या वर्षी दोन ओळी खिळ्यांचा घेतला. खिळे घेताना ते टंगस्टन कार्बाइडचे आहेत ना, एवढं मात्र पाहून घ्या. साध्या पोलादाचे खिळे कोरड्या डांबरावर फार लवकर झिजतात. नवे खिळे रबरात नीट बसायलाही थोडा वेळ लागतो. श्वाल्बे ही जर्मन कंपनी पहिले ४० किलोमीटर डांबरावर, जोराचा ब्रेक न मारता आणि एकदम वेग न घेता चालवायला सांगते. पहिला बर्फ पडण्याच्या आठवडाभर आधीच टायर चढवला, की हे काम आपोआप होतं.

सपाट बर्फावर या टायरने मला एकदाही दगा दिला नाही. सरळ जात असताना चाक सुटेल की काय, ही भीती पहिल्याच आठवड्यात गेली. पुलाखालची सावली कधी मागे पडली तेही कळायचं नाही. फेरी २९ मिनिटांची झाली, ते मान्य होतं. इथेच थांबलो असतो, आणि बहुतेकांनी इथे थांबायला हरकत नाही.

माझं अडलं ते चाकोरीपाशी. हा शब्द आपण हल्ली आयुष्याबद्दलच वापरतो, बर्फात तो मूळ अर्थाने पुन्हा भेटतो. दुपारी रबरबीत झालेल्या बर्फातून सायकली आणि गाड्या जातात, त्यांच्या चाकांचे चर संध्याकाळी दगडासारखे गोठतात. माझ्या परतीच्या वाटेवर चारेकशे मीटरचा असा एक पट्टा होता, सायकलीला दुसरी वाटच नव्हती. सायकलवर आपण तोल सांभाळतो ते हँडल सतत किंचित इकडे-तिकडे करून. चाकोरीत पुढचं चाक गेलं की ते बंद होतं. अंग एकीकडे कलायला लागतं आणि चाक मात्र चर सोडत नाही. बाहेर काढायला हँडल वळवावं, तर टायरची बाजू चराच्या भिंतीला घासते. दोन ओळींच्या टायरचे खिळे मधल्या भागात असतात, बाजूला नुसतं रबर. ते त्या भिंतीवरून घसरत राहतं.

त्या हिवाळ्यात तीनदा पडलो. एकदा डावा कोपर महिनाभर दुखत होता. पण पडण्यापेक्षा जास्त खुपलं ते वेगळंच. जानेवारीच्या मध्यापासून मी तो पट्टा रोज संध्याकाळी उतरून, सायकल हातात धरून चालायला लागलो. खास बर्फासाठी टायर घेतला होता आणि बर्फ आला की मी पायी जात होतो. हे मला सहन होईना.

चार ओळींच्या टायरमध्ये बाहेरच्या दोन ओळी टायरच्या खांद्यावर, म्हणजे मधला भाग संपून बाजू सुरू होते तिथे असतात. चराच्या भिंतीला लागतात त्या नेमक्या याच. पहिल्या संध्याकाळी मी त्या पट्ट्यात हँडल वळवलं, कर्र असा आवाज झाला आणि चाक भिंत चढून वर आलं. नोकियन या फिनिश कंपनीच्या सायकल टायरच्या नावातच खिळ्यांचा आकडा असायचा, १०६ आणि २४०. तेव्हा मला तो फरक निव्वळ जास्त-कमीचा वाटायचा. खिळे कुठे आहेत हे किती महत्त्वाचं आहे, ते त्या संध्याकाळी कळलं.

तोटे आहेत आणि ते लपवत नाही. हा टायर जड चालतो, माझी फेरी ३१ मिनिटांवर गेली. कोरड्या डांबरावर पत्र्यावर वाळू ओतावी तशी सतत तडतड होते. फरशीवर आणि गटाराच्या लोखंडी झाकणांवर वळताना खिळे घसरतात, तिथे सायकल सरळ ठेवूनच जावं लागतं. आवाजाचा मला पुढे उपयोग झाला. बर्फ आला की तडतड खाली बसते, त्यामुळे अंधारातही चाकाखाली काय आहे ते कानाला कळतं.

हवेची गंमत दोन्ही खिळेवाल्यांना लागू आहे, पण फायदा चार ओळींना जास्त. हवा घट्ट भरली की टायर मधल्या भागावर चालतो, बाहेरचे खिळे जमिनीला क्वचित लागतात, आवाजही कमी होतो. हवा कमी केली की टायर पसरतो आणि सगळ्या ओळी कामाला लागतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल-किमान मर्यादेतच हा खेळ करायचा. थंडी स्वतःही हवा उतरवते. घरात २० अंशांना ६० पीएसआय भरले, तर बाहेर उणे १० ला ते ५२ च्या आसपास येतात. कोरडा आठवडा असेल तर हे ध्यानात ठेवून थोडी जास्त भरा, बर्फ असेल तर तसंच राहू द्या.

दोन्ही चाकांना एकदम खर्च नको असेल तर चांगला टायर पुढे लावा. मागचं चाक सरकलं तर सावरायला क्षणभर मिळतो, पुढचं सरकलं की माणूस खाली. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर फट राहते का, हेही पाहा. तिथे बर्फ साचून गोठला की चाक अडतं.

माझ्या सायकलला आता पुढे चार ओळींचा आणि मागे तोच जुना दोन ओळींचा टायर आहे. पुढचा खिळेवाला टायर मी एका जादा चाकावर कायमचा चढवून ठेवलाय, कारण गार रबराची कड रिमवर बसवताना खिळ्यांनी बोटं सोलतात. पहिल्या गोठणाऱ्या रात्री चाकच बदलतो, पाच मिनिटांचं काम. चार हिवाळ्यांत पुढच्या टायरचे दोन खिळे निखळले. सुटे खिळे आणि ते बसवायचं छोटं अवजार मिळतं, त्याने घरीच बसवले.