परीक्षेनंतरची फ्रेंच : एका प्रशिक्षण सेवेचे सहा महिन्यांनंतरचे परीक्षण

कॅनडाच्या संघीय सरकारात नोकरी करणाऱ्या आणि दुसरी अधिकृत भाषा म्हणून फ्रेंचची परीक्षा दिलेल्या, किंवा लवकरच देणार असलेल्या, मराठी मंडळींसाठी हे परीक्षण लिहीत आहे. राजधानी ओटावा आणि तिला लागूनच असलेल्या, फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातील गातिनो या शहराच्या परिसरात परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या खासगी संस्था पुष्कळ आहेत, परंतु परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ती भाषा कार्यालयात प्रत्यक्ष कशी वापरावी हे शिकवणारी सेवा शोधावी लागते. अशा एका सेवेचे सहा महिन्यांचे सत्र मी आठवड्यातून दोन तास, व्हिडिओ कॉलवरून, नुकतेच पूर्ण केले. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत. शिवाय त्या सेवेत जे चांगले वाटले ते इतर कोणत्याही संस्थेकडे मागता येण्यासारखे आहे.

परीक्षेत वाचन, लेखन आणि संभाषण यांना ए, बी, सी अशा चढत्या पातळ्या मिळतात. माझा निकाल वाचनात सी, लेखनात बी आणि संभाषणात सी असा होता, म्हणजे आपल्या कार्यालयांतल्या बोलीत ‘सीबीसी’. द्विभाषिक म्हणून ठरवलेल्या प्रदेशांतील पर्यवेक्षकांच्या द्विभाषिक पदांवर नवी नेमणूक होण्यासाठी 20 जून 2025 पासून हीच किमान पातळी लागते. त्याआधी तिन्ही विभागांत बी पुरेसे होते. त्यामुळे संभाषणातील सी मिळवण्यासाठी सध्या मोठी धडपड चालू आहे आणि तो मिळाला की बहुतेक जण पुस्तके बंद करून ठेवतात. मीही ठेवली होती. परीक्षा नेमके काय तपासते हे मात्र लक्षात घ्यायला हवे. ‘लेखी अभिव्यक्ती’ची चाचणी बहुपर्यायी असते; त्यात योग्य शब्द निवडावा लागतो आणि चूक ओळखावी लागते, परंतु स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नाही. संभाषणाच्या चाचणीत समोर एकच परीक्षक असतो. तो स्पष्ट बोलतो आणि आपले वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो. आठ माणसांच्या बैठकीत, दोघे एकाच वेळी बोलत असताना, आपले म्हणणे मांडणे ही याहून वेगळीच गोष्ट आहे.

हा फरक मला नव्या पदावर रुजू झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कळला. माझ्या गटातील एका फ्रेंचभाषक सहकाऱ्यासोबत वर्षाची उद्दिष्टे ठरवण्याची बैठक होती. सुरुवात मी फ्रेंचमध्ये केली, तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एका शब्दापाशी अडखळले आणि तो सहकारी, केवळ सौजन्याने, इंग्रजीत बोलू लागला. उरलेली सगळी बैठक इंग्रजीतच झाली. बैठक सुरळीत पार पडली, तरी मला ती फार लागली. 1969 च्या अधिकृत भाषा कायद्याची जागा 1988 च्या कायद्याने घेतली आणि त्याच्या पाचव्या भागाने द्विभाषिक म्हणून ठरवलेल्या प्रदेशांतील कर्मचाऱ्याला आपल्या पसंतीच्या अधिकृत भाषेत काम करण्याचा हक्क दिला. वरिष्ठाने त्याच्याशी त्या भाषेत बोलणे हा त्याच हक्काचा भाग आहे. ती भाषा मला येते असे प्रमाणपत्र माझ्याकडे होते, आणि तरीही त्याचा हक्क माझ्यासमोर वापरला न जाताच राहिला. त्याच संध्याकाळी मी शिकवणी शोधायला लागले.

या सेवेची सर्वांत चांगली बाजू तिच्या सुरुवातीत आहे. पहिल्या दोन तासांत शिक्षिकेने काहीही शिकवले नाही. येत्या महिन्यात मला फ्रेंचमध्ये कोणकोणती कामे करावी लागतील याची यादी तिने माझ्याकडून करून घेतली. यादी मी समजत होते त्यापेक्षा बरीच लांब निघाली : दूरध्वनीवरचा आणि रजेच्या काळातला दोन भाषांतील संदेश, साप्ताहिक बैठकीचे अध्यक्षपद, दोन ओळींची असंख्य ईमेल, एखाद्याची रजा नाकारणे, एखाद्याच्या कामातील उणीव त्याला न दुखावता सांगणे, आणि कोणी रागावून बोलत असेल तर शांतपणे ऐकून उत्तर देणे. पुढचे सगळे तास या यादीवर बेतलेले होते. खरी कागदपत्रे पाठवायची नाहीत, ‘प्रोटेक्टेड’ म्हणजे संवेदनशील माहितीचा शिक्का असलेली तर मुळीच नाही, हे तिने मी विचारण्याआधीच बजावले. आम्ही त्याच घाटाचे काल्पनिक मसुदे तयार करून त्यांवर काम केले. जी संस्था हा मुद्दा स्वतःहून काढत नाही, तिच्याकडे सरकारी नोकराने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. शब्दांसाठी तिने संघीय सरकारच्या अनुवाद विभागाच्या ‘टर्मियम प्लस’ या संज्ञाकोशाची सवय लावली. सरकारी पदे, योजना आणि प्रक्रिया यांची ठरलेली फ्रेंच नावे तिथे मिळतात, त्यामुळे शब्द स्वतः घडवून तोंडघशी पडण्याची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट मला विशेष भावली, कारण ती आपल्या भाषेशी निगडित आहे. मराठी ही माझी मातृभाषा असल्याचे कळल्यावर शिक्षिकेने तिच्याबद्दल कुतूहलाने विचारले आणि इंग्रजीच्या आधाराने शिकवणे थांबवले. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आले की भूतकाळाचे रूप त्या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, हा नियम इंग्रजीभाषक सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे छळतो. आपण मात्र ‘मी निबंध लिहिला’, ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘मी पत्र लिहिले’ असे लहानपणापासून म्हणतच असतो. फ्रेंचमध्ये हा बदल कर्म आधी आल्यावरच होतो, एवढी मर्यादा लक्षात ठेवली की नियम ओळखीचा वाटू लागतो. निर्जीव वस्तूंना लिंग असते याचे आपल्याला नवल वाटत नाही. केवळ कोणत्या वस्तूचे कोणते, एवढेच नव्याने पाठ करावे लागते. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे, घर मात्र आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि तिकडे स्त्रीलिंगी.

उच्चारांच्या बाबतीतही तसेच झाले. क्वेबेकमधील लोक ‘इ’ आणि ‘यु’सारख्या स्वरांपूर्वीचे ‘त’ आणि ‘द’ वेगळ्या पद्धतीने उच्चारतात आणि परीक्षेच्या ध्वनिफितींवर वाढलेला कान तिथे गोंधळतो. शिक्षिका स्वतः गातिनोची. तिने हे उच्चार करून दाखवताच माझ्या लक्षात आले की ‘तू’ या अर्थाच्या फ्रेंच सर्वनामातला त्यांचा ‘त’ आपल्या ‘चाक’मधल्या ‘च’च्या अगदी जवळचा आहे आणि मंगळवारच्या फ्रेंच नावातला ‘द’ आपल्या ‘जाळे’मधल्या ‘ज’च्या. हे ध्वनी मराठीत आहेतच! तेव्हापासून गटातील बोलणे ऐकू येण्यात जो फरक पडला, तो आधीच्या वर्षभराच्या सरावानेही पडला नव्हता.

मूळ अडचणीवर, म्हणजे समोरचा इंग्रजीकडे वळतो या अडचणीवर, तिने जवळजवळ पाच आठवडे घालवले. त्यात व्याकरण कमी आणि धीर जास्त होता. शब्द सुचत नसेल तेव्हा वेळ मिळवून देणारी, वाक्य हातातून सुटू न देणारी आणि समोरच्याला फ्रेंचमध्येच राहण्याची विनंती करणारी दहा-बारा वाक्ये तिने माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतली की ती आता आपोआप येतात. अडखळल्यावर दिलगिरी व्यक्त करण्याची माझी सवयही तिने मोडली, कारण दिलगिरी ऐकताच समोरचा माणूस मदत म्हणून भाषा बदलतो. हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते.

आता उणिवा. तिसऱ्या महिन्यात कोणतीही पूर्वसूचना न देता शिक्षक बदलण्यात आले. नव्या शिक्षकांनी माझी यादी वाचलेलीच नव्हती आणि ते सरळ परीक्षेच्या सरावप्रश्नांकडे वळले : ‘तुम्ही मंत्री असता तर काय केले असते’ या साच्याचे. परीक्षेची तयारी हाच या संस्थेचा मुख्य व्यवसाय असल्यामुळे जरा दुर्लक्ष झाले की गाडी त्याच रुळावर जाते. दोनदा लेखी तक्रार केल्यावर, चार आठवड्यांनी, पहिली शिक्षिका परत मिळाली. त्या चार आठवड्यांचे शुल्क मात्र परत मिळाले नाही.

दुसरी तक्रार छापील साहित्याची आहे. ते बहुतांशी फ्रान्समधील वापरावर आधारलेले आहे. त्यात ‘दिने’ म्हणजे रात्रीचे जेवण, तर क्वेबेकमध्ये ‘दिने’ दुपारचे असते, रात्रीच्या जेवणाला ‘सुपे’ म्हणतात आणि फ्रान्समध्ये दुपारच्या जेवणाला असलेले ‘देजने’ हे नाव इथे सकाळच्या न्याहारीचे. आमच्या विभागात दुपारच्या जेवणाच्या वेळी होणाऱ्या व्याख्यानाचे निमंत्रण आले, ते संध्याकाळचे समजून मी दुपारच्या त्याच वेळेत दुसरी बैठक ठरवली आणि गटातील दोघांना त्या व्याख्यानाला मुकावे लागले. कॅनडात, कॅनडाच्या सरकारी नोकरांना शिकवणाऱ्या संस्थेने असे साहित्य वापरणे मला अक्षम्य वाटते.

खर्चाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. पात्र कर्मचाऱ्यांना मिळणारा द्विभाषिकतेचा भत्ता वर्षाला 800 डॉलर आहे. 1977 पासून त्यात वाढ झालेली नाही, तो करपात्र आहे आणि कार्यकारी म्हणजे ईएक्स श्रेणीला तो मिळतच नाही. माझ्या बाबतीत ही रक्कम पहिल्या दोन महिन्यांच्या शुल्कालाही पुरली नाही. भत्त्यातून शिकवणीचा खर्च भरून निघेल या हिशेबाने कोणी येत असेल तर त्याने येऊ नये. लाभ मिळतो तो पदांच्या रूपाने. संघीय सार्वजनिक सेवेतील दहापैकी साधारण चार पदे द्विभाषिक आहेत आणि राजधानीच्या परिसरात, विशेषतः वरच्या पायऱ्यांवर, त्यांचे प्रमाण अधिक आहे. परीक्षेचे निकाल पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. त्याच पदावर राहिल्यास ते पुढेही चालतात, पण पाच वर्षांनंतर दुसऱ्या द्विभाषिक पदावर जायचे तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ‘ई’ म्हणजे सूट मिळालेल्यांनाच ती चिंता नाही. पहिल्या खेपेला घोकून मिळवलेला सी पाच वर्षे न वापरता पडून राहिला, तर दुसऱ्या खेपेला तो मिळेलच असे नाही. माझ्या ओळखीच्या दोघांची बढती नेमकी याच कारणाने अडली आहे.

शुल्क भरण्यापूर्वी आपल्या विभागाच्या प्रशिक्षण योजनेतून खर्च मिळतो का हे वरिष्ठांना अवश्य विचारावे. अर्ज करताना ‘भाषा टिकवण्यासाठी’ असे मोघम न लिहिता वर सांगितलेल्या यादीसारखी कामांची यादी जोडावी. माझ्या अर्जाला निम्मा खर्च मंजूर झाला तो त्या यादीमुळेच. ऐकण्याच्या सरावासाठी कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे ‘मोरिल’ हे साधन विनामूल्य आहे. त्यात इथल्याच दूरचित्रवाणी कार्यक्रमांतून ऐकण्याचा सराव होतो, त्यामुळे उच्चार इथलेच कानावर पडतात. तेवढ्याने ज्यांचे भागेल त्यांना पैसे खर्च करण्याची गरज नाही. ज्यांची परीक्षा अजून व्हायची आहे त्यांनी ही सेवा आत्ता घेऊ नये, कारण हिचे चांगले अंग तेव्हा उपयोगी पडत नाही. नव्याने पर्यवेक्षक झालेल्यांनी मात्र निकालानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या मूल्यमापन बैठकीपूर्वीच, घ्यावी.

वर्षअखेरची मूल्यमापन बैठक त्याच सहकाऱ्यासोबत मार्चमध्ये झाली. पन्नास मिनिटांत मी अनेकदा थांबले, एक संज्ञा त्यालाच विचारली आणि वाक्यरचनेत निश्चित चुका केल्या असतील. बैठक मात्र शेवटपर्यंत फ्रेंचमध्ये चालली. उठताना त्याने एका प्रशिक्षणासाठी जाण्याची इच्छा बोलून दाखवली, जी वर्षभरात त्याने कधीच काढली नव्हती. मी पुढील सहा महिन्यांसाठी पुन्हा नाव नोंदवले आहे. या वेळी आठवड्यातून एकच तास, शिक्षिका बदलल्यास शुल्क परत अशी अट लेखी घेऊन, आणि छापील साहित्य न घेता.