फुल-साइज पिकअप, वर्षभरानंतर: ट्रक झकास, मागचा दिवा १,८०० डॉलरचा

ट्रकच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातला दिवा बदलायचे १,८०० डॉलर. ब्रेक दाबला की लाल होतो, तो दिवा. माझ्या आधीच्या २००६ सालच्या ट्रकचा हाच दिवा मी साठ डॉलरच्या आत आणला होता, आणि टेलगेट (मागची फळी) उघडून, दोन स्क्रू काढून, ड्राइव्हवेत उभ्या उभ्या बदलला होता. तेव्हा या रिव्ह्यूचा सूर कसा लागणार, हे वाचणाऱ्यांनी ओळखलंच असेल.

इंजिन, टॉर्क, चाकांचा आकार हे सगळीकडे छापलेलं आहे, त्यात पडत नाही. हाफ-टन वर्गातला (फुल-साइजमधला सगळ्यात हलका) ट्रक, चार दारांची क्रू कॅब, मागे मालाचा साडेपाच फुटी उघडा बेड, फोर बाय फोर, वरून दुसरा ट्रिम (सोयींची पातळी), नुकतंच अपडेट झालेलं मॉडेल. कंपनीचं नाव लिहीत नाही. वॉरंटी शिल्लक आहे आणि जवळपास डीलर एकच आहे. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या पुढे राहतो. रोज ऑफिस, अधूनमधून कॅम्पर ट्रेलर जोडून हिल कंट्रीकडे, आणि भाद्रपदात मंडळाच्या गणपतीचं मखर, टेबलं, भाड्याची भांडी. 'तुझ्याकडे ट्रक आहे ना' हे वाक्य ऐकून घ्यायची तयारी असेल तरच पिकअप घ्यावा.

झालं असं की मे महिन्यात इथे धो धो पाऊस झाला. नंतर गाडी सुरू केली तर टिंग, आणि समोर 'ब्लाइंड स्पॉट सिस्टिम फॉल्ट', म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाड्या सांगणारी यंत्रणा बिघडली. मागे जाऊन बघतो तर डाव्या दिव्यात बोटभर पाणी. डीलरकडे नेला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर सज्जन माणूस, त्याने कंपनीचं पत्रकच समोर ठेवलं: काचेला आतून बारीक बाष्प धरलं तर ते नॉर्मल, मोठे थेंब दिसले किंवा पाणी साचलं तर दिवा बदलून द्यायचा. माझ्या दिव्यात तर तळं होतं. म्हटलं, चला, काम झालं. मग त्याने टॉर्च मारून खालच्या कडेला केसाएवढी चीर दाखवली. बाहेरून लागलेला मार, म्हणजे वॉरंटी नाही. तीन वर्षं किंवा ३६,००० मैल, 'बंपर टू बंपर'. दिवा बंपरच्या वर येतो म्हणून सुटला असावा.

मार कधी लागला, मला माहीत नाही. पार्किंगमधली एखादी ट्रॉली, नाहीतर मखराचा पाइप. मी सर्व्हिस मॅनेजरपर्यंत गेलो, चिरेचे फोटो काढले, 'एवढ्या चिरेतून एवढं पाणी कसं शिरेल' असा वाद घातला. तो हसून म्हणाला, पाण्याला तेवढं पुरतं. आता यावर काय बोलणार!

किंमत एवढी का, हे पार्ट्स काउंटरवरच्या माणसाने नीट समजावलं. ब्लाइंड स्पॉटचं रडार दिव्याच्या आत बसवलेलं आहे. कारमध्ये ते मागच्या बंपरच्या प्लास्टिकआड लपवता येतं. ट्रकचा बंपर पत्र्याचा, बेडच्या बाजू पत्र्याच्या, आणि पत्र्यातून रडार आरपार जात नाही. मागच्या कोपऱ्यात प्लास्टिक उरलं ते फक्त टेललाइटचं, म्हणून रडार तिथे. वर दिवा एलईडी, म्हणजे बल्ब बदलायची सोय नाही, अख्खं एकच सीलबंद प्रकरण. आणि नवीन बसवलं तरी डीलरच्या कॉम्प्युटरने गाडीशी ओळख करून दिल्याशिवाय ते रडार चालू होत नाही. त्या ओळखपाळखीची मजुरी वेगळी.

तांत्रिक कारण पटलं. तरीही माझा राग तिथेच आहे. ट्रकचा मागचा कोपरा ही मार खायचीच जागा आहे. फळ्या चढवताना तिथे लागतं, मुलांच्या सायकली तिथे घासतात, रिव्हर्स घेताना भिंत तिथेच भेटते. नेमक्या त्या जागी गाडीतला सगळ्यात नाजूक आणि महाग डबा बसवायचा, हे ज्याला सुचलं त्याने बेडमध्ये कधी वाळूचं पोतं टाकलेलं नसणार.

पण मधे एक गोष्ट झाली, आणि मत थोडं हललं. दिवा बिघडलेला असतानाच ठरलेली कॅम्पिंगची ट्रिप आली. गळक्या दिव्याला लाल टेप लावली आणि निघालो; ब्रेकलाइट लागत होता, रडार बंद होतं. एरवी ट्रेलरची लांबी एकदा भरून ठेवली की ही सिस्टिम ट्रेलरच्या शेपटापर्यंत नजर ठेवते. ती नसताना आय-१० हायवेवर केटी फ्रीवेतून लेन बदलायची म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. काही ठिकाणी दोन्ही दिशा आणि बाजूचे फ्रंटेज रोड धरून २६ लेन, उजवीकडे अठरा चाकी ट्रक, डावीकडे घाईत असलेलं सगळं टेक्सास. बायको खिडकीतून मागे बघून 'थांब, थांब, आता घे' करत होती. ट्रेलर ओढणाऱ्याला हे रडार हवंच, हे आता मी मान्य करतो. म्हणणं इतकंच की त्याची वेगळी डबी करा, वेगळा प्लग द्या. काच फुटली की फक्त काच बदलू दे.

अपडेटमधली मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे हिचचा (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडाचा) कॅमेरा. घेताना मी त्या भल्यामोठ्या स्क्रीनला नावं ठेवली होती. पण रिव्हर्स टाकला की ट्रेलरच्या कपलरपर्यंत (पुढच्या तोंडापर्यंत) स्क्रीनवर एक रेघ दिसते, आणि ती धरून गेलं की हिचवरचा बॉल थेट कपलरखाली जातो. पूर्वी बायको मागे उभी राहून हात हलवायची, मला तो हात उलटा दिसायचा, आणि पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत अबोला. आता मी एकटा दोन मिनिटांत ट्रेलर जोडतो. या एका सोयीसाठी त्या स्क्रीनचे पैसे माफ. एसीची बटणं मात्र तिच्यात कोंबली आहेत, त्याची माफी नाही. ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला उन्हात उभ्या गाडीत बसून मेनू शोधत बसायला वेळ कुणाला आहे?

आता पेलोड, म्हणजे ट्रकने स्वतःच्या अंगावर घ्यायचं वजन. यावर सेल्समन बोलत नाही, म्हणून मी बोलतो. माहितीपत्रकात ११,००० पौंड ओढण्याची ताकद लिहिलेली असते. ते विसरा आणि ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं पांढरं-पिवळं स्टिकर वाचा: माणसं आणि सामान मिळून एवढ्यापेक्षा जास्त वजन नको. माझ्या ट्रकवर तो आकडा १,४२० पौंड आहे. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर येतो आणि तो याच आकड्यात धरायचा. आमचा कॅम्पर भरून ६,००० पौंड. १३ टक्के धरले तर ७८०. आम्ही चौघं मिळून ६००. उरले ४० पौंड. त्यात भरलेला कूलर बसत नाही, जनरेटर तर घरीच. मग ११,००० पौंड कोण ओढणार? एकटा, सडपातळ ड्रायव्हर, डबा न घेता.

हे होतं कारण दर अपडेटला वजन वाढतं. काचेचं छप्पर, २० इंची चाकं, मोटरवर उघडणारं टेलगेट, पाय ठेवायला आपोआप बाहेर येणारी पायरी. स्टिकरवरचा आकडा हे सगळं बसवल्यानंतर उरलेला असतो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, एकाच इंजिनाच्या दोन ट्रकांत शेकडो पौंडांचा फरक निघू शकतो, आणि महागडा ट्रक कमी वजन उचलतो. आपण जास्त पैसे मोजतो ते कमी माल नेण्यासाठी, हे माझ्या आजवरच्या हिशेबात कुठेच बसत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) गेलं म्हणून इथे लोक सुतक पाळतात. रॅम कंपनीने २०२५च्या '१५००' ट्रकमधून हेमी हे व्ही-८ काढून सहा सिलिंडरचं ट्विन-टर्बो दिलं, तर एवढी ओरड झाली की २०२६ साठी हेमी परत आणावं लागलं. टोयोटाने २०२२च्या टंड्रा ट्रकमध्ये व्ही-८ ठेवलंच नाही. माझ्याही ट्रकमध्ये टर्बो सहा सिलिंडर आहे, आणि चढावर ट्रेलर घेऊन जुन्या व्ही-८पेक्षा हे कमी कण्हतं. मायलेज मोकळ्या हायवेवर गॅलनला १९-२० मैल, ट्रेलर लावला की ९-१०. टर्बो म्हणून पेट्रोल वाचेल, हा ट्रेलर नसतानाचा विचार. सिग्नलला इंजिन बंद करणारी सिस्टिम दर वेळी बटण दाबून बंद करावी लागते. ते बटण आता गाडीत बसण्याच्या विधीचाच भाग झालं आहे.

दिव्याचं शेवटी असं केलं. विम्याचं डिडक्टिबल (आपल्या खिशातून जाणारा वाटा) १,००० डॉलर, म्हणजे क्लेम करून हातात ८०० येणार आणि नोंद कायमची. तो नाद सोडला. अपघातात गेलेल्या त्याच वर्षाच्या ट्रकचा दिवा सॅल्व्हेज यार्डातून ४५० डॉलरना मिळाला. ओळखीच्या गॅरेजवाल्याने लॅपटॉप जोडून १५० मध्ये प्रोग्रॅम केला. रडार चालू, टिंग बंद. उजव्या दिव्यात हल्ली सकाळी बारीक बाष्प दिसतं. ते नॉर्मल आहे म्हणतात.

नवीन घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्हच्या आधी डीलरच्या पार्ट्स काउंटरवर जा आणि तुमच्या ट्रिमच्या टेललाइटची किंमत विचारा, मजुरी आणि प्रोग्रॅमिंग धरून. याच मॉडेलच्या सगळ्यात खालच्या, कामवाल्या ट्रिमला साधा बल्बचा दिवा येतो, रडार नाही, आणि स्टिकरवरचं पेलोडही जास्त असतं. ट्रेलर ओढणार नसाल तर तोच घ्या. हिचचा कॅमेरा नंतर बाहेरून (आफ्टरमार्केट) बसवून मिळतो.