‘मी’ घालवण्याचा वर्ग, दादर पश्चिम

पत्रकावर ‘अहंकाराचा लोप’ असं छापलंय, त्यामुळे मनःशांतीवाले बरेच येतात आणि दुसऱ्या गुरुवारपासून गळतात. सर डोळे मिटवून बसवत नाहीत. ज्ञानदेवांचा ‘अमृतानुभव’ ओवी ओवी वाचून घेतात आणि अन्वय चुकला की सगळ्यांदेखत टोकतात.

खरी मजा सातव्या-आठव्या प्रकरणात. सातव्यात ज्ञानदेव अज्ञानाचं खंडन करतात. ग्रंथातलं सगळ्यांत लांबलचक प्रकरण हे. तिथवर आपण माना डोलावतो. आठव्यात मात्र ते ज्ञानाचंही खंडन करतात. अज्ञान मुळात नव्हतंच, तर ते घालवणारं ज्ञान कुठलं? माझ्या शेजारचे इन्कमटॅक्समधून निवृत्त झालेले काका म्हणाले, ‘मग माझा मी गेला, हे सांगायला येतो तो कोण?’ सर म्हणाले, ‘काका, त्यालाच तर पकडायचंय.’

त्या दिवशी सरांनी स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम काढला. १७३९ सालीच त्यानं लिहून ठेवलंय: आत डोकावलं की ऊन-थंडी, प्रेम-द्वेष अशी कुठली तरी जाणीवच हाताला लागते, ‘मी’ काही सापडत नाही. मग बौद्ध भिक्षू नागसेनानं मिलिंद राजाला विचारलेला रथ आला: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? दोघंही सुटे भाग करून दाखवतात. ज्ञानदेवांचे देव-देवी, म्हणजे शिव-शक्ती, मात्र आवडीच्या भरात एकमेकांना गिळतात आणि द्वैताच्या, दोन असण्याच्या, हौसेनं पुन्हा बाहेर टाकतात. इथे हरवण्यात रिकामपण नाही, चक्क लाड आहेत. हे कळलं तिथेच माझी फी वसूल झाली.

खटकलं ते असं: दर वेळी सुरुवातीला ओळखपरेड. नाव, हुद्दा, साधनेची वर्षं! त्यात वेळ गेला आणि शेवटी अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) घाईघाईत उरकले. बिड्यांचं दुकान चालवणारा हा माणूस खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर बोलायचा आणि परदेशातून लोक तिथे येऊन बसायचे. मुंबईतल्या वर्गात त्यांना अर्धा तास? वाळकेश्वरच्या बाणगंगेला त्यांच्या गुरूंची, सिद्धरामेश्वर महाराजांची समाधी आहे, तिथे एक फेरीही काढता आली असती.

प्रमाणपत्र मिळतं, त्यावर आपलं नाव ठळक टायपात. मी घेतलं.

लिफ्ट नाही, चहा बरा. पोथी आपली आपण न्यायची, अर्थासह छापलेली असली तर उत्तम. पंख्याखाली बसायचं तर साडेसहाच्या आत पोहोचा.