‘वनस्पतिजन्य’ औषधाने निर्यातीची द्राक्षे बाद केली

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागा फुलोऱ्यात आल्या की थ्रिप्सचा (फुलकिड्यांचा) त्रास वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी मोटारसायकलवर बॅग अडकवून औषधे विकणारे प्रतिनिधी बांधावर येऊ लागतात. अशाच एकाने ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य, रेसिड्यूची (फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची) चिंताच नाही’ असे सांगून आम्हाला एक औषध दिले. बाटलीवर कडुनिंबाची फांदी छापलेली होती आणि वासही कडुनिंबाचाच होता. मात्र बॅच क्रमांक कुठेही नव्हता आणि पावतीवर ‘ग्रोथ प्रमोटर’ एवढेच लिहिलेले होते.

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कागदावर घड झटकून पाहिला, तर एकही थ्रिप्स हलत नव्हता. घरात सर्वांना आनंद झाला, पण फसवणुकीची खूण खरे तर हीच होती. कडुनिंबातील अझाडिरेक्टिन किडीचे खाणे आणि कात टाकणे रोखते, त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला काही दिवस जावे लागतात. एका रात्रीत बाग साफ करणाऱ्या ‘अर्का’त रासायनिक कीटकनाशक मिसळलेले असण्याची शक्यता दाट असते. मणी धरल्यावर आम्ही तेच औषध पुन्हा मारले.

काढणीपूर्व नमुन्याच्या अहवालात फिप्रोनिल हे रासायनिक कीटकनाशक निघाले, ज्याचे नावही आमच्या फवारणीच्या नोंदवहीत नव्हते. निर्यातदाराने माल नाकारला आणि तो स्थानिक व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागला.

कीटकनाशक म्हणून विकायचे तर १९६८ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. जैव उत्तेजक (पिकाच्या वाढीला चालना देणारे उत्पादन) म्हणून विकायचे तर २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या खत नियंत्रण आदेशानुसार त्यात ०.०१ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.०१ भागापेक्षा) जास्त कीटकनाशक चालत नाही. ‘ग्रोथ प्रमोटर’ या मोघम नावाआड दोन्ही नियम चुकवले जातात. आम्ही कृषी विभागाकडे तक्रार केली, परंतु निरीक्षक नमुना घेतात तो विक्रेत्याकडील सीलबंद मालाचा, आणि या गृहस्थाला ना दुकान होते ना परवाना. त्यामुळे नोंदणी किंवा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि परवानाधारक दुकानाचे पक्के बिल, यांपैकी एखादी जरी गोष्ट नसेल तरी बाटली बांधावरूनच परत पाठवावी. औषध घेतलेच, तर त्याच बॅचची एक बाटली सील न तोडता माल विकला जाईपर्यंत जपून ठेवावी.